शमू, तू कड्या सोडल्या नाहीस

शमू,

तालमीनं तुझ्यावर चार ओळी लिहून मागितल्या होत्या. मी मराठीचा मास्तर, त्यामुळं कुणी गेलं की त्याच्यावर लिहायचं काम फिरून फिरून माझ्याकडंच येतं. लिहून दिल्या. 'शमुवेल हे उत्तम कसरतपटू, शांत स्वभावाचे व सर्वांना हवेहवेसे होते, त्यांच्या जाण्याने तालमीची कधीही भरून न निघणारी हानी झाली आहे.' तू वाचलं असतंस तर म्हणाला असतास, "बापू, ह्यो कोन मानूस? येकदा गाठ घालून दे की." त्या ओळी काल तालमीत वाचून झाल्या. ह्या त्या नव्हेत. ह्या कुणाला वाचून दाखवायच्या नाहीत. आपलं भांडण मध्येच राहिलंय आणि मला ते तसं टाकवत नाही, एवढ्यासाठी लिहितोय.

गेल्या मंगळवारी तुला मातीत ठेवलं. पेटी खाली सोडायला दोर लावले होते, त्यातल्या एकाचं टोक रूथवहिनींनी माझ्या हातात दिलं. मिशनच्या वडीलधाऱ्यांपैकी एकदोघांनी माझ्या कपाळावरच्या गंधाकडं पाहिलं, पण वहिनींपुढं कुणी काही बोललं नाही. इतकी वर्षं तुला कमरेला धरून वर उचलायचं आणि तालमीतल्या टांगत्या कड्यांना लावायचं हे काम माझं होतं. खाली यायला तुला माझी गरज कधी पडली नाही. उडी मारायचास, दोन्ही पाय एका जागी, आणि माझ्याकडं बघून हसायचास. त्या दिवशी मात्र उतरवायचं काम माझ्याकडं आलं. मी हाताला सांगत होतो, हळू, हळू. पेटी फार जड नव्हती. विषमज्वरानं तुला पार वाळवून टाकलं होतं.

तू तालमीत आलास तो व्यायामाला नव्हेच. दाराची चौकट वाळवीनं खाल्ली होती, म्हणून केरूनाना वस्तादांनी मिशनच्या सुतारशाळेतून माणूस मागवला आणि तुला पाठवलं. मिरजगावकडचा, काळा, सडपातळ, कानावर पेन्सिल खोचलेला. मी त्या वेळी तालमीत रोज यायचो, पण व्यायाम कमी आणि तोंडाची कसरत जास्त. कुस्ती मला कधी जमली नाही. पडायचो आणि पडताना समोरच्याला त्याचं कुठं चुकलं ते सांगायचो. नाना म्हणायचे, "मास्तर, तुजं त्वांड आन त्येचं अंग येका मानसाला मिळालं आस्तं तर रुस्तुम-ए-इंद झाला आस्ता."

कड्यांचं ते चित्र तालमीत मीच आणलं होतं. भिंगारच्या छावणीतली रद्दी बाजारात यायची आणि त्यात बांधून आलेले खारे शेंगदाणे खाता खाता मला खालचं पान दिसलं. कुठल्याशा इंग्रजी मासिकाचं पान. वरून दोन दोर आलेत, दोरांना दोन कड्या, आणि त्या कड्या धरून एक गोरा गडी दोन्ही हात आडवे पसरून हवेत उभा. खाली काही नाही. पांढरी विजार, सरळ पाय, चेहऱ्यावर एक सुरकुती नाही. मी ते पान चिकटवून तालमीच्या भिंतीला लावलं. पैलवानांनी बघितलं, हसले आणि मातीत गेले. तू चौकटीचं काम सोडून त्याच्यापुढं उभा राहिलास. बराच वेळ. मग मला विचारलंस, "मास्तर, ह्येला कोनी टांगलाय का ह्यो सोताच लटाकलाय?"

पुढच्या आठवड्यात तू बाभळीच्या लाकडाच्या दोन कड्या कातून आणल्यास. इतक्या गुळगुळीत की हातातून निसटायच्या. शाळेतल्या फळ्याखाली साचलेली खडूची पूड मी पुडीत बांधून आणायला लागलो, ती तळहाताला चोळली की पकड बसायची. दोर तुळईला तूच बांधलेस. केरूनानांना ते काही पसंत नव्हतं. "मानसानं मानसाशी कुस्ती करावी. वाऱ्याशी कसली करता रं?" पण दोर काही काढायला लावले नाहीत.

पहिले दिवस सोपे नव्हते, हेही लिहून ठेवतो. तालमीत सगळ्यांचा पाण्याचा तांब्या एक आणि तुझा पत्र्याचा मग वेगळा, दाराबाहेर खिळ्याला टांगलेला. मारुतीला सगळे नमस्कार करायचे तेव्हा तू उंबऱ्याबाहेर थांबायचास. ते कुणी सांगितलं म्हणून की तुझं तू, मला माहीत नाही. एक दिवस तो मग खिळ्यावर नव्हता. कुणी नेला ते कळलं नाही. दुसरा मग कुणी आणला नाही. त्या दिवसापासून तू तांब्यातलं पाणी प्यायला लागलास आणि ह्या गोष्टीबद्दल आपण दोघं कधी एक शब्द बोललो नाही.

आता ती चूक. इतकी वर्षं कशी केली ते आठवून आजही हसू येतं. चित्रातला गडी खाली येत नव्हता. आपण सकाळी बघायचो, संध्याकाळी बघायचो, तो आपला हात पसरून तिथंच. फोटोत काळ नसतो हे मला, मास्तर म्हणवणाऱ्या माणसालाही सुचलं नाही. आपल्याला वाटलं, ह्या कसरतीत खरी करामत टिकून राहण्यातच आहे. जो जास्त वेळ लटकेल तो मोठा. आपण त्याला तराजू म्हणायचो. तुला पहिल्यांदा तो तराजू जमला तेव्हा डोळा लवेपर्यंतच टिकला आणि तू थाडकन मातीत आलास. पैलवान हसले. दुसऱ्या दिवशी तू पुन्हा वर.

मग तुझी आई आली. मिरजगावहून भाकरीचं गठुडं घेऊन, तुला शोधत शोधत थेट तालमीच्या दारात. तू नेमका वर होतास, हात पसरून. ती माउली पदर डोक्यावर ओढून तिथंच उभी राहिली. "माज्या पोराला कोनी टांगलं?" असं काहीतरी पुटपुटली. तू उडी मारून खाली आलास तेव्हा तिनं तुझ्या दंडाला धरलं आणि आमच्या सगळ्यांसमोर सांगितलं, "असं हात पसरून नुसतं लटकू नगंस, शमवेला. प्रभू तसा लटाकला हुता. तसं व्हायाचं आसंल तर तोंडात परार्थना पायजे. आर्धी न्हाई, सगळी." तू मान हलवलीस. आईला मान हलवून दिलेला शब्द तू मोडणार नाहीस हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

तेव्हापासून तुझं मोजमापच बदललं. वर गेलास की 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणत ओठ हलायचे. पहिल्यांदा 'स्वर्गा'पर्यंतच पोचायचास. मग काही महिन्यांनी 'तुझे राज्य येवो'मधल्या 'राज्या'पर्यंत. पैलवानांना तुझी प्रार्थना ऐकून ऐकून पाठ झाली होती, त्यांना 'आमची रोजची भाकर आज आम्हांस दे' ही ओळ कुठं येते ते ठाऊक होतं. तू खाली आलास की लंगोट कसता कसता कुणीतरी विचारायचं, "काय शमू, आज भाकर मिळाली का?" आणि तू खाली मान घालून म्हणायचास, "न्हाई गड्या, राज्यातच पडलो." ज्या दिवशी पहिल्यांदा भाकरीपर्यंत गेलास त्या दिवशी नानांनी स्वतः तुझ्या खांद्याला तेल चोळलं. अख्खी तालीम तुझी प्रार्थना मोजत बसायची, मारुतीच्या देवळीसमोर. ह्याची कुणाला गंमतही वाटत नव्हती, इतकं ते अंगवळणी पडलं होतं.

लढाई संपली त्या सुमाराला छावणीतला तो गोरा सार्जंट आला. शिपायांची कवायत घ्यायचा. आपल्या तालमीच्या वार्षिक खेळांना त्याला कुणीतरी घेऊन आलं होतं. तू वर गेलास, तराजू धरलास. तो आधी टाळ्या वाजवायला लागला. मग टाळ्या थांबल्या. मग तो उठून उभा राहिला. तू खाली आल्यावर तो धावत आला, तुझे खांदे चाचपले आणि मोडक्या हिंदुस्तानीत विचारलं, "इतना क्यों? तीन गिनो, बस. आगे चलो!"

आपल्याला आधी समजेना. मग त्यानं सगळं उलगडून सांगितलं. विलायतेत, जगातल्या मोठ्या सामन्यांत, हात पसरून तीन मोजेपर्यंत स्थिर राहायचं असतं. ह्याला ते क्रॉस म्हणतात. तीन झाले की पुढचा प्रकार, मग त्याच्या पुढचा, हातांवर उभं राहणं, झोका, शेवटी उडी. कड्या हलता कामा नयेत, कोपर वाकता कामा नये, आणि पंच दहापैकी गुण देतात. एकाच ठिकाणी लटकत बसलास तर बाकीच्याला जोर कुठून उरणार? आपण एकमेकांकडं बघितलं. इतकी वर्षं आपण जे करत होतो त्यातलं निम्मंअधिक कुणी मागितलंच नव्हतं. तू मातीत बसलास आणि हसायला लागलास. मीही हसलो. नानांना सांगितल्यावर ते म्हणाले, "म्हंजे त्यो फोटूतला भाद्दर तिनातच उतरला? आन मी त्येला रोज मनात शाबासकी देतुया!"

जाताना सार्जंटनं एक वाक्य टाकलं आणि माझी झोप उडवली. म्हणाला, ह्या माणसाचे खांदे लंडनला जाणाऱ्यांचे आहेत.

लंडनचं वेड तुला नव्हतं रे, मला होतं. देश स्वतंत्र झाला, पहिल्यांदा आपल्या झेंड्याखाली माणसं ऑलिंपिकला जाणार, आणि त्यांत नगरच्या तालमीतला एक सुतार. मी शाळेतल्या पृथ्वीच्या गोलावर तुला बोटीचा रस्ता दाखवला. बोट लागते म्हणून आवळासुपारी न्यायची हे ठरवलं. 'थँक यू, सर' आणि 'आय ॲम फ्रॉम इंडिया' तुझ्याकडून घोकून घेतलं. छावणीतल्या जुन्या मालातून एक लष्करी कोट मिळवला, तो तुला गुडघ्याखाली यायचा. तू तो घालून घरात फिरलास तेव्हा रूथवहिनी हसता हसता खाली बसल्या. "भाऊजी," त्या मला म्हणाल्या, "ह्यांच्यात अजून एक माणूस मावेल. तुम्हीच आत बसून जा लंडनला." खरंच, मला चाललं असतं.

तू सरावाला लागलास. मी खालून मोठ्यानं मोजायचो, एक, दोन, तीन. तू सोडायचास, पण तोंड कडू करून. प्रार्थनेचं काय, असं मी विचारलं तेव्हा तू त्यावर तोडगा काढला होतास. "लंडनपातूर तिनावर सोडतो. उरल्याली खाली आल्यावर म्हनीन. आईला तसं सांगितलंय." आणि खरंच, उडी मारून झाल्यावर हातावरची खडूची पूड झाडता झाडता तू उरलेली प्रार्थना पुटपुटायचास. मला ते पाहून फार हसू यायचं. जेवण अर्धवट टाकून उठलेला माणूस जसा जाता जाता घास तोंडात टाकतो तसं.

पुण्याला निवड आहे असं कळलं. गेलो दोघं. सर्व्हिस मोटारीनं, धूळ खात. शिरूरला चहा घेतला तेव्हा तू बशीत ओतलेला चहा तसाच ठेवलास, इतका घाबरला होतास. पांढरी विजार वहिनींनी शिवलेली, तिला तळपायाखालून पट्टी, कारण सार्जंटनं तसं सांगितलं होतं. पुण्यात पोचल्यावर एका खोलीत तुला नाव लिहायला आत बोलावलं. मी बाहेर. तू बाहेर आलास. मी विचारलं, "काय म्हणाले?" तू म्हणालास, "नाव नीट लिवून घेतलं." एवढंच. तुझा चेहरा नेहमीसारखाच होता, म्हणजे त्यावरून काही कळण्यासारखं नव्हतं.

तुझी पाळी आली. मी तुला कमरेला धरून उचललं आणि कड्यांना लावलं. तुझं अंग त्या वेळी थंड होतं आणि श्वास अगदी संथ. सुरुवातीचे प्रकार स्वच्छ झाले. कड्या जागच्या हलल्या नाहीत. मग तू हात पसरलेस. मी मोजलं, एक, दोन, तीन. तू सोडलं नाहीस. मी पुन्हा म्हणालो, "तीन!" अख्ख्या सभागृहात माझा आवाज घुमला. तुझे ओठ हलत होते. पंचांपैकी एकानं पेन्सिल खाली ठेवली. बाजूची पुण्याची पोरं आधी कुजबुजली, मग जवळ सरकली. तुझे दंड थरथरायला लागले, मानेची शीर वर आली, आणि तरी हात आडवेच्या आडवे. राज्य गेलं, भाकर गेली, मी खाली उभा राहून मनातल्या मनात तुझ्याबरोबर म्हणत होतो, मला थांबताच येईना. मग तुझे ओठ मिटले. तू डोळे उघडलेस आणि सावकाश खाली आलास. हातांवर उभं राहायचं होतं ते तू केलंच नाहीस. जोरच उरला नव्हता.

निवडलेल्यांत तुझं नाव आलं नाही. यायचं कसं?

परतीच्या मोटारीत मी शिरूरपर्यंत एक शब्द बोललो नाही. माझ्यासाठी तो उपासच होता. शिरूरला मात्र सुटलो. काय झालं होतं तुला? हात आखडले होते? माझा आवाज ऐकू आला नाही? इतका सराव केला तो पाण्यात घालायला? तू खिडकीबाहेर बघत होतास. फक्त म्हणालास, "आर्धी परार्थना कशी सोडू रं, बापू?"

तेव्हापासून हे आपलं भांडण. सणाला, बाजारात, तुझ्या घरी पाटावर जेवताना, कुठंही. मी म्हणायचो, तीनावर सोडायचं होतंस. तू म्हणायचास, आर्धी कशी सोडू. मी म्हणायचो, रोज सोडत होतास ना, उरलेली खाली आल्यावर म्हणायचं ठरलं होतं ना? ह्यावर तू हसायचास किंवा रंध्याला धार लावायला लागायचास. मला वाटायचं, मी जिंकलो. लंडनच्या बातम्या आल्या तेव्हा तर माझा तोल सुटला. कड्यांवर स्वित्झर्लंडचा गडी पहिला आला हे कुठंतरी कोपऱ्यात छापलं होतं. आपल्या निवडलेल्या पोरांचं काय झालं ह्यावर एक अक्षर नव्हतं, हॉकीच्या आनंदात त्यांना कोण विचारतो! ते वर्तमानपत्र मी तुझ्यापुढं आपटलं. "इथं तुझं नाव असतं," मी म्हणालो. तू त्या स्वित्झर्लंडच्या माणसाचं नाव मला परत परत वाचायला लावलंस. "त्यो तिनावर सोडत आसंल न्हाई?" असं विचारलंस. तुझ्या आवाजात टोमणा नव्हता, खरंच जाणून घ्यायचं होतं.

तुझ्या आजारपणात मी रोज यायचो. तुला हसवावं म्हणून मी त्या दिवशीही जुनंच तुणतुणं सुरू केलं. म्हटलं, शमू, बरा झालास की पुन्हा तालमीत, आणि ह्या वेळी तीनावर सोडायचं. तू डोळे उघडलेस. "बापू," म्हणालास, "तुजं खरं हाय. तिनावरच सोडायला पायजे हुतं." इतके दिवस वाद घालून तू कधी हार मानली नव्हतीस, आणि आता तू मला जिंकू देत होतास. मला कळलं की तू राहणार नाहीस. मी काहीबाही बोलून बाहेर आलो आणि तुझ्या अंगणातल्या लाकडाच्या ढिगावर बसून रडलो. रूथवहिनींनी पाहिलं, पण त्या आतच राहिल्या.

तुला ठेवून आल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी मी वहिनींना भेटायला गेलो. घरात तुझ्या नातेवाइकांची प्रार्थना नुकतीच संपली होती. वहिनींनी चहा दिला, इकडचं तिकडचं बोलल्या, आणि मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "भाऊजी, एक सांगू का? ह्यांनी सांगू नको म्हटलं होतं. पण आता मी कुणाची भीड धरू?"

मग त्यांनी सांगितलं. पुण्याला त्या खोलीत तुला आत बोलावलं होतं ते नाव लिहायला नव्हे. नाव आधीच लिहिलेलं होतं. तिथल्या माणसानं तुला सांगितलं की कसरतीचा संघ विलायतेला न्यायचं रद्द झालंय. पोरं लांबून आलीत, सभागृह घेतलंय, म्हणून चाचणी आपली करून टाकायची, नावंही वाचून दाखवायची. घरी आल्या दिवशीच तू हे वहिनींना सांगितलंस. त्या म्हणाल्या, मग भाऊजींना सांगून टाका की, उगीच बोलणी कशाला खाता? तर तू काय म्हणालास ते त्यांनी तुझ्याच शब्दांत मला सांगितलं.

"बापूला वाटतंय, मी चुकलो म्हनून लंडन गेलं. वाटू दे. लंडन हुतंच न्हाई म्हटलं तर त्येच्याकडं काय ऱ्हाईल?"

मला राग आला, शमू. तुझ्यावरच. तो चहा मी तसाच ठेवून उठलो आणि दिल्ली दरवाजापर्यंत तरातरा चालत गेलो. मी काय लहान पोर होतो? दोन दिवस तोंड पाडून बसलो असतो, सरकारला चार शिव्या दिल्या असत्या, तिसऱ्या दिवशी तुझ्या घरी जेवायला आलो असतो. सांगायला हवं होतंस. हे मी अजूनही म्हणतो, आणि ह्या बाबतीत माझंच खरं आहे.

पण चालता चालता राग कमी झाला आणि पुण्याचं ते सभागृह मला दुसऱ्यांदा दिसलं. तुला वर उचलताना तुझं अंग थंड होतं आणि श्वास संथ होता. घाबरलेल्या माणसाचा श्वास तसा नसतो. शिरूरला ज्याला चहा गेला नव्हता, तो कड्यांखाली अगदी शांत उभा होता, कारण आता जिंकायला काही उरलं नव्हतं. पंच होते ते नावाला, गुणही नावाला, लंडन नव्हतं, आणि लंडनपुरता केलेला तोडगाही संपला होता. मग तीनावर सोडायचं कशासाठी? आईला दिलेला शब्द होता आणि तुला तो पहिल्यांदा पुरा करता येणार होता. तू शेवटपर्यंत गेलास. त्याआधी कधी नाही आणि नंतरही कधी नाही. माणसाच्या हातून क्वचित होणारी गोष्ट मी तुझ्यापासून हातभर अंतरावर उभा राहून पाहिली, आणि वर तोंड करून 'तीन, तीन' ओरडत होतो.

तुझे आभार मानायचे राहिले. पुण्याचे, आणि त्यानंतरच्या सगळ्या दिवसांचेही. मी तुला मूर्ख म्हणालो, हेकट म्हणालो, एकदा तर भर बाजारात म्हणालो की तू अख्ख्या नगरचं नाक कापलंस. तू ते ऐकून घेतलंस आणि माझ्यासाठी भाजीच्या गाडीवरून हरभऱ्याची जुडी घेतलीस. मला वाटत होतं, मी तुला माफ करतोय. माझ्या हातात लंडन तसंच राहावं म्हणून तू बोलणी खात होतास, हे मला दिसलं नाही. माझ्या आयुष्यात इतकी मोठी गोष्ट माझ्यासाठी दुसऱ्या कुणी केली नाही.

काल तालमीत सगळे जमले. मी लिहिलेल्या त्या चार ओळी वाचून झाल्या. मग केरूनाना उठले. त्यांना आता नीट दिसत नाही, भिंतीला हात लावत उभे राहिले. बाहेरगावचा पैलवान आला की नाना त्याला आधी तुझी गोष्ट सांगतात, ह्या तुळईखालचा गडी इलायतेला जाता जाता राहिला म्हणून. त्या तालमीतून इतक्या लांब कुणी गेलंच नाही. नाना म्हणाले, "लई जोर हुता गड्यात. लंडन हातात आल्यालं. येक चूक झाली बगा, तेवढं तिनावर सोडलं आस्तं तर आज कुटल्या कुटं आस्ता." मग ते माझ्या दिशेला वळले. "व्हय न्हवं, मास्तर? तू हुतास तितं."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मागच्या रांगेत तालमीत नव्यानं यायला लागलेले चारदोन जण हसले, सुतारानं संधी घालवली म्हणून. तुझ्यावरचा तो ठपका पुसायला एक वाक्य पुरे होतं आणि ते वाक्य माझ्या जिभेवर होतं. पण ते बोललो असतो तर नानांचं लंडन त्याच जागी संपलं असतं. नाना भिंतीला हात लावून, कान देऊन, वाट बघत होते.

"व्हय, नाना," मी म्हणालो. "थोडक्यात हुकलं. त्यानं तीनावर सोडायला पाहिजे होतं."

नानांनी समाधानानं मान हलवली आणि खाली बसले. "मी म्हनलो न्हवतो?" असं शेजारच्याला म्हणाले.

चूक तुझ्याच नावावर ठेवून मी घरी आलो, शमू.